थोडा आहे अजून

बायको गेल्यावर वर्षभर बंद राहिलेल्या तिच्या लाकडी कपाटाला कुबट वास धरला, म्हणून सुताराला बोलावलं. त्यानं कपाट आतून व्हिनेगरनं पुसलं, खण उन्हात वाळवले, कोळसे ठेवले. दुसऱ्याच खेपेला वास गेला. पण पॉलिश मारून मारून त्या बाबाचं नाक केव्हाच कामातून गेलेलं. मी म्हणेन ते खरं. दर मंगळवारी मी बेधडक सांगायचो, "थोडा आहे अजून." तेवढाच घरात माणसाचा आवाज.

आज तो सहाव्यांदा आला. कोळसे बदलताना म्हणाला, "काका, मागच्या वेळचं फडकं बायकोला हुंगायला दिलं. म्हणाली, कुबट वास अजिबात नाही."



त्यानं खण जागेवर बसवला. "पुढच्या मंगळवारी परत बघू," म्हणाला.