ध वरून पक्षी

आमच्या पक्षीवाल्यांच्या गटात रविवारची फेरी संपली की तलावाच्या काठावर चहा होतो, आणि चहाबरोबर नाव-गाव. लहानपणी सगळेच खेळलेत तोच खेळ, फक्त फळ, फूल, सिनेमा काढून टाकलेले. रकाने तीन: पक्षी, गाव, आणि ठाव, म्हणजे दिसला ती नेमकी जागा. एकानं मनातल्या मनात क, ख, ग म्हणायचं, दुसऱ्यानं "थांब" म्हणायचं. जे अक्षर येईल त्यावरून पक्षी लिहायचा, तोही यंदा स्वतः पाहिलेला. दोघांनी एकच लिहिला तर पाच-पाच गुण, एकट्यानंच लिहिला तर दहा. आणि कोणी "शंका" म्हणालं, तर समोरच्याची खात्री पटेपर्यंत ठाव सांगायचा. नाही पटली तर शून्य.

एप्रिलमधल्या त्या रविवारी ध आला. सगळ्यांनी धोबी लिहिलं, पाण्याकाठी शेपटी हलवत फिरतो तो. मी लिहिलं धाविक.

धाविक टिटवीहून लहान. डोकं विटकरी, डोळ्यावरून काळी-पांढरी पट्टी. उघड्या माळावर तुरुतुरु पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. थबकला की ढेकळांत दिसेनासा होतो. माझी मुलगी सात महिन्यांची आहे आणि पहाटे फिरवल्याशिवाय तिचा डोळा लागत नाही. म्हणून मी तिला पाठीशी बांधून अमडापूरच्या बाहेर माळापर्यंत जाते. ती झोपते, मी पाहते. दिवसातला तेवढाच तास माझा. त्या तासात मला ही जोडी सापडली होती, आणि आठ दिवसांनी त्यांची दोन अंडी. घरटं नाहीच, उघड्या जमिनीत जरासा खळगा.

"शंका," गोकुळ सर म्हणाले. कॉलेजात शिकवतात, गट त्यांनीच सुरू केला. "चार वर्षांत या तालुक्यात धाविक कोणी नोंदवला नाही. टिटवी असंन."

"टिटवी नाही, सर."

"लेकराले पाजता पाजता पाह्यला काय?"

सगळे हसले. मीही हसले. माझ्या त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

"काजल बेटी, चाय थंडी होऊन राह्यली," शकूर चाचा म्हणाले. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि आमच्यात खरा जाणता तोच एक माणूस. चहा माझा केव्हाच पिऊन झाला होता. ते मला थांबवत होते, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त सर दिसत होते, चष्मा पुसत शून्य लिहायला निघालेले.

"बंधाऱ्याच्या वरचा माळ," मी म्हणाले. "एकटी बोर आहे. तिच्यापासून उगवतीकडं वीस पावलं. दोन अंडी आहेत. आता बोला."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "दहा गुण," म्हणाले. टाळ्यासुद्धा वाजल्या.

घरट्याची जागा कोणालाही सांगायची नाही, हा आमच्या गटाचा पहिला नियम. तो सरांनीच लिहिलेला आहे.

सोमवारी सकाळी अकराला मोबाईल वाजायला लागला. गटावर सरांचे फोटो. एक, दोन, पाच, अकरा. धाविक समोरून, धाविक बाजूनं, धाविक अंड्यांपासून दूर उभा, चोच उघडी. खाली कौतुकाचे अंगठे पडत होते. भाजी टाकायची होती. मी गॅस बंद केला, मुलीला उचललं, डोक्यावरून ओढणी घेतली आणि निघाले. पहाटे वीस मिनिटांवर असणारा माळ त्या उन्हात फार लांब असतो.

सरांची गाडी निघून गेली होती. चाकांचे माग बोरीपर्यंत होते. बोरीची खालची फांदी तोडून बाजूला फेकलेली, मध्ये येत असेल. खळग्याभोवतीचे खडे वेचून जागा साफ केलेली, फोटो नीट यावा म्हणून. त्या खड्यांमुळेच तर ती अंडी दिसत नव्हती. आता ती बशीत ठेवल्यासारखी पडली होती.

मुलीच्या अंघोळीच्या पाण्याला कोपर लावून बघते, तसं एका अंड्याला पालथं बोट लावलं. चटका बसला.

मी खडे होते तसे परत ठेवले, लांब गेले, मुलीवर ओढणी धरून बसले. मादी आली. पळत, थबकत, पळत. अंड्यांवर बसली नाही. पंख अर्धे उघडून नुसती त्यांच्यावर सावली करून उभी राहिली. इतक्या उन्हात ते तसंच करतात. तेवढंच तिला करायचं होतं आणि तेवढंच तिला सकाळभर करू दिलं नव्हतं.

घरी आले तर माझा नवरा, धम्मदीप, जेवायला आलेला. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "पण सांगितलं काऊन तू?"

त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही. तो बरोबर होता म्हणून तर नाहीच बोलले.

पुढच्या रविवारी मी सरांना सगळ्यांदेखत विचारलं, "किती वेळ होता तिथं?"

"पाच मिनिटं. पुण्याचे दोन मित्र आले होते, त्यांना दाखवलं अन् निघालो."

मी मोबाईल पुढे केला. "हा पहिला फोटो. पक्ष्याची सावली पाहा, त्याच्या दुप्पट लांब. हा शेवटचा. सावली पायाखाली आलीय. पाच मिनिटांत सूर्य एवढा वर चढला?"

कोणी हसलं नाही. सर म्हणाले, "तूच तं सांगितलं ठाव. आवाज चढवून."

"हो, मी सांगितलं. ते माझं पाप. तुमचं तुम्ही सांगा."

"अगं, पक्षी आहे. पुन्हा घालते अंडी."

हे एका बाईला सांगताना त्यांची जीभ अडली नाही. मुलगी मांडीवर होती म्हणून मी उठले नाही. उठले असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही. संध्याकाळी त्यांनी गटावरचे फोटो काढून टाकले.

ती मादी पंधरा दिवस बसली. नर येऊन तिला मोकळी करायचा, मग तो बसायचा. पिल्लं निघायचे दिवस सरले तरी दोघं आळीपाळीनं बसत राहिली. मी रोज जायचे आणि मनात म्हणायचे, ऊठ बाई, ऊठ आता. सोळाव्या दिवशी खळग्याजवळ कोणी नव्हतं. अंड्यांना मुंग्या लागल्या होत्या.

मी गट सोडायला निघाले. शकूर चाचांनी दुकानात बसवलं, पंक्चरच्या ट्यूबवर फुंकर मारत म्हणाले, "तू गेली तं त्याइच्यावर शंका कोन घेईन? मी तं सायकलवाला. माह्यी शंका कोन लिहिते?"

मग नाही सोडला.

मे संपता संपता, जुन्या जागेपासून बऱ्याच लांब, लाल मातीच्या एका पडीक वावरात ती मला पुन्हा दिसली. तीच जोडी की दुसरी, देव जाणे. मादी खाली बसलेली. मी थांबले नाही. चाल तीच ठेवली, मान वळवली नाही, आणि बांधापलीकडे गेल्यावर मुलीच्या पायाचा मुका घेतला. ती झोपेत कुरकुरली.

त्या रविवारी मनातली अक्षरं सर म्हणत होते आणि "थांब" कोणीतरी म्हणालं.

"ध," सर म्हणाले. खरंच ध आला की त्यांनी आणला, ते तेच जाणोत. माझ्याकडे बघून म्हणाले, "काजल, घे. दहा गुण तुझेच. पुन्हा बसली काय जोडी?"

मी लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. पक्षी: धोबी. गाव: अमडापूर. ठाव: आमच्या गल्लीचं गटार.

शकूर चाचांनी त्यांचा कागद माझ्या कागदाशेजारी ठेवला. धोबी. त्यांच्या चपलांना त्याच वावरातली लाल माती होती.

सरांनी दोन्ही कागद वाचले. "शंका," ते म्हणाले.

"चला की," मी म्हणाले. "दाखवते. नाक तेवढं धरून या."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. सर उठले नाहीत. त्यांनी माझ्या नावापुढे पाच लिहिले, चाचांच्या नावापुढे पाच, आणि पुढच्या अक्षरासाठी मान खाली घातली.