फद्दियाचा पाणचष्मा

मित्रांनो, पाण्यात तोंड घालून समुद्राचा तळ बघण्यासाठी लोक जो चष्मा लावतात, तो मी. एक लांबट काच, भोवती काळं रबर आणि डोक्यामागे आवळायचा पट्टा. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. एक परदेशी पाहुणा मला सिनाईच्या किनाऱ्यावरच्या झोपडीत विसरून गेला. तिथे मला फद्दियाने उचललं आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं.

फद्दिया तिथल्या वाळवंटातल्या बेदुईन जमातीची बाई. ओहोटी लागली की ती आणि तिची धाकटी बहीण सुबैहा प्रवाळाच्या कट्ट्यावर ऑक्टोपस पकडायला जात. पहिल्यांदा मला लावून फद्दियाने कमरेएवढ्या पाण्यात तोंड घातलं आणि दचकून वर काढलं.

"काय दिसलं गं?" सुबैहाने विचारलं.

"अगं, इतकी वर्षं आपण कुणाकुणाच्या डोक्यावर पाय देऊन चालत होतो!"

पुढे पुरुषांसोबत पोहायला संकोचणाऱ्या पाहुण्या बायका तिच्याकडे येऊ लागल्या. श्वासाची नळी तोंडात धरून, अंगभर कपड्यांनिशी ती त्यांच्या पुढे तरंगत जाई. पोपटमासे प्रवाळ कुरतडत, तो कटकट आवाज ऐकून तिला पाण्यातच हसू फुटे. मग माझ्यात पाणी शिरे आणि बाहेर आल्यावर ती मलाच रागवे. पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा येई, तरी माझ्यासाठी मगभर गोडं पाणी ती राखून ठेवी.

वर्षं गेली. सुबैहाही पाहुण्यांना नेऊ लागली. आमच्या टोपलीत एक नवा चष्माही आला. माझं रबर मात्र उन्हाने कडक होत चाललं होतं.

त्या सकाळी सुबैहाने मला हातात घेतलं. बक्कलपाशी पट्टा चिरला होता. तिने ओढून पाहिलं, चीर वाढली. तिने गळाच्या दोऱ्याने तिथे गाठ मारली, मला टोपलीत वर ठेवलं आणि नवा चष्मा स्वतःच्या गळ्यात अडकवला.

"माझा चष्मा ठीक आहे ना गं?" फद्दियाने बाहेरून विचारलं.

"ठीक आहे. चल, उशीर होतोय."

मित्रांनो, मला तोंड नव्हतं. तिला होतं.

दुपारी वारा अचानक वाढला. प्रवाळात एक खिंड होती. ओहोटीचं पाणी तिथून जोरात बाहेर ओढलं जाई. एक पाहुणी त्या ओढीत सापडली. फद्दिया तिच्यामागे गेली, तिला धरलं आणि कट्ट्याकडे ढकलू लागली. तेवढ्यात लाट आली, गाठ सुटली आणि मी तिच्या चेहऱ्यावरून निघालो.

खाली जाताना माझी काच वर होती. मला तिचे उघडे डोळे दिसले. खाऱ्या पाण्यात तिला काहीच दिसत नव्हतं. तिने अंदाजानेच पाहुणीला शेवटचा धक्का दिला. पाहुणी कट्ट्यावर चढली. दुसऱ्या लाटेने फद्दियाला खडकावर आपटलं. मग वर फक्त उजेड हलत राहिला.

तिसऱ्या दिवशी कोळ्यांना ती पुढच्या खाडीत सापडली. मला सुबैहाने शोधून आणलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. त्यानंतर कितीतरी वर्षं ती पाण्यात उतरली नाही. दर शुक्रवारी मात्र ती मला गोड्या पाण्याने धुवी. पुसताना माझ्या काचेत बघायचं टाळी. मलाही तिथे तिचा चेहरा दिसत नसे. फद्दियाचे उघडे डोळे दिसत.

फद्दियाची मुलगी नुवैरा अठरा वर्षांची झाली, तेव्हा ती मावशीकडे आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"खाला, हा आईचा ना? मला शिकव. सगळे म्हणतात, तू समुद्राला भितेस."

"समुद्राला नाही गं." सुबैहा खाली बसली. "पट्टा चिरलेला मला दिसला होता. तिने विचारलं, तेव्हा मी ठीक आहे म्हणाले. नवा चष्मा मी घेतला."

नुवैरा तशीच निघून गेली. चार दिवस ती आली नाही. तेवढे दिवस सुबैहाने चूल पेटवली नाही.

पाचव्या दिवशी नुवैरा नवा पट्टा घेऊन आली.

"बसव. माझ्यासमोर बसव. आणि तूही यायचंस पाण्यात."

सुबैहाने पट्टा बसवला. तिने बक्कल तीनदा तपासलं.

"मी माफ केलं, असं म्हटलेलं नाही," नुवैरा म्हणाली.

"ठाऊक आहे, बाळ."

दोघी पाण्यात उतरल्या. खिंडीपाशी पाणी ओढायला लागलं, तशी सुबैहाने नुवैराची बाही घट्ट धरली. नुवैराने ती सोडवून घेतली नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना चिरलं, झिजलं, तुटलं तर सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला दिसलं, तर त्याच क्षणी सांगा. कितीही उशीर होत असला तरी सांगा. आता माझा पट्टा घट्ट आहे, काच स्वच्छ आहे. तरीही नुवैरा पाण्यात हसते तेव्हा मला भीती वाटते. कारण हसणं अगदी तिच्या आईसारखं आहे.