टाकेकाका उभे का राहतात?

टाकेकाका जेवायला बसेनात. ओट्याशी उभे राहून दोन घास पोटात ढकलायचे आणि "आज भूक नाही" म्हणून मोकळे व्हायचे. आपल्या घरात कुणी असं करू लागलं तर आपण काय म्हणतो? वय झालं, लहर फिरली! काकूही तेच म्हणाल्या.

सून मात्र बघत होती. ती दवाखान्यात नर्स होती.

"बाबा, काही दुखतंय का?"

"मला काय धाड भरलीय?" म्हणत काका भिंतीकडे पाठ करून उभे राहिले.

खरी गोष्ट अशी, की त्यांच्या बैठकीच्या जागी गळू झालं होतं. आधी नुसती पुटकुळी, मग लिंबाएवढी गाठ. आता लाल, गरम, सारखी ठणकणारी. विचारायचं कुणाला? घरात जाणकार एकच, आणि ती सून! तिला हे सांगण्यापेक्षा जीव गेलेला बरा, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. बिचारे!

तयार कपड्यांच्या कारखान्यात ते तपासणीच्या टेबलावर होते. शर्ट उलटा करायचा, शिवणीवरून बोट फिरवायचं आणि सुटलेला टाका नेमका पकडायचा. "वरून दिसत नाही म्हणून चूक नाही असं समजू नका," हे ते सगळ्यांना ऐकवत. म्हणून तर ते टाकेकाका.

आता ते उभ्यानेच तपासू लागले आणि मालक भारावले. "बघा, या वयात ही निष्ठा!" दुसऱ्या दिवशी तपासणीची सगळी स्टुलं अडगळीच्या खोलीत गेली. उभ्या माणसाचा हात भराभर चालतो, असा शोध मालकांना लागला होता.

काका एक वाक्य बोलले असते, तर स्टुलं परत आली असती. पण ते मान खाली घालून शर्ट उलटत राहिले.

"काका, तुमच्या निष्ठेनं आमचं कंबरडं मोडलं हो," शेजारी धागे कापणाऱ्या मावशी हसत म्हणाल्या. त्यांचे पाय संध्याकाळपर्यंत चपलेत मावेनासे होत. ते हसणं काकांना ठणक्याहून जास्त लागलं. त्यांनी न्हाणीघरात गळू स्वतःच दाबून पाहिलं, तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग गुपचूप दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. अंगात ताप होता, भर दुपारी हुडहुडी भरत होती, तरी तोंडातून ब्र नाही!

आणि एका दुपारी मावशी टेबलाखालीच बसल्या. नेमके मालक आले.

"बसलात कशा? काकांना जमतं, तुम्हाला नाही?"

"पाय उचलत नाहीत, साहेब."

"मग उद्यापासून घरीच बसा!"

काकांच्या हातातला शर्ट खाली पडला. आपल्या लाजेपायी या बाईची भाकरी जाणार?

"मालक!" ते ओरडलेच. "निष्ठा कसली डोंबलाची! मला बसताच येत नाही. ढुंगणावर गळू झालंय मला!"

मशीनं थांबली. कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. पण काका टेबलाला धरून खाली घसरू लागले, तेव्हा ते हसूही विरलं. मावशींनी त्यांना सावरलं. "अगं बाई, अंग नुसतं भाजतंय! यांच्या सुनेला फोन लावा!"

सून आली, ती थेट त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी जागा बधिर करून चीर दिली, पू काढला. रक्तातली साखरही वाढलेली निघाली. आणखी थांबले असते तर जंतू रक्तात पसरून जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

"तुला कसं सांगणार होतो गं? जागाच तशी..." काका पुटपुटले.

"बाबा, जंतू जागा बघून येतात का? केसाच्या मुळातून, एखाद्या ओरखड्यातून शिरतात. घाम, घासणं, त्यात साखर वाढलेली, मग त्यांचं फावतंच. कुणाला काखेत होतं, कुणाला दाढेच्या मुळाशी, बाळंतिणीला छातीत. पू साठला की नुसत्या गोळ्यांनी सहसा भागत नाही, त्याला डॉक्टरांनीच वाट करून द्यावी लागते. घरी दाबलं तर तो आणखी आत पसरतो. आणि ताप आला की एक दिवसही थांबायचं नाही! दाढ दुखली असती तर लपवली असतीत?"

"पण तू सून..."

"सून घरी. इथे मी नर्स. आणि दोन्हीकडे मला तुम्ही जिवंत हवे आहात!"

काकांनी उशीत तोंड लपवलं. या वेळी लाजेनं नव्हे; त्यांना रडू आवरेना.

काका कामावर परतले, तेव्हा स्टुलं जागेवर होती. "मी कौतुक केलं, पण विचारलं नाही," मालक ओशाळून म्हणाले आणि मावशींना त्यांनी स्वतः स्टूल पुढे केलं. मधल्या सुट्टीत मशीनवरची एक मुलगी इकडेतिकडे बघत काकांपाशी आली.

"काका, तुमच्या सूनबाईंना भेटता येईल? मला... काखेत..."

काकांनी आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं. "बस आधी. ताप आहे का? संध्याकाळी माझ्याबरोबर चल."

वाचकहो, शरीराचा कुठलाच भाग लाजेचा नसतो. दुखणं लपवलं की मात्र ते जिवावर उठतं. दुखलं तर वेळेवर बोला. आणि तुमच्या शेजारी कुणी सारखं उभंच राहत असेल, तर कौतुक नंतर करा. आधी विचारा, काय दुखतंय?