कोहळा फुटायच्या आत

आयुधपूजेला आमच्या बंगळुरूच्या ऑफिसात कॉम्प्युटरलाही कुंकू लागतं. एकदा लागलं की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्यामुळे भुवनाकडे दुपारच्या पूजेपर्यंतच वेळ होता. दोन व्होल्टेजमधलं मोठं कोणतं ते सांगणारा तिचा कम्पॅरेटर तोवर चालला नाही, तर चिपमध्ये जुनाच जाणार. आणि हे तिचं पहिलंच सर्किट, माझ्या हाताखाली केलेलं.

कालपर्यंत सिम्युलेशनमध्ये तो झकास चालत होता. आज तपासणीसाठी स्वच्छ फाइल बनवली, तर आउटपुट ढिम्म.

"बायसच चुकलाय, अक्का. ट्रान्झिस्टर रुंद करून बघते."

"कपडे सैल केले म्हणून ताप उतरतो का गं? आधी नाडी बघ. एकेकातून करंट किती जातोय?"

तिनं आकडे काढले. सगळीकडे जवळजवळ शून्य. मापं बरोबर होती, पण बायसचे, म्हणजे बाकी सर्किटला करंट पुरवणारे, ट्रान्झिस्टर एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले होते, पंगतीत पहिला घास कोण घेणार तसे.

"मग काल कसे जेवले?" मी विचारलं.

भुवनानं जीभ चावली. काल सुरुवातीचं व्होल्टेज तिनं हातानं भरलं होतं; साफसफाईत ते उडालं.

टीमचा प्रमुख वादिराज खांद्यावर झेंडूची माळ टाकून आला. "टाक की तो आकडा परत. पूजा खोळंबलीय."

"आणि खऱ्या चिपमध्ये आकडा भरायला तुम्ही जाल का, सर?" भुवनानं विचारलं.

वादिराजनं माझ्याकडे पाहिलं. "हे तुमचं शिक्षण."

"छे. मी याहून वाईट बोलले असते."

भुवनानं एक छोटा ट्रान्झिस्टर जोडला. वीज आली की बायसच्या ट्रान्झिस्टरांना ढोसून उठवणारा, ते जागे झाले की मुकाट बाजूला होणारा. हातानं काही न भरता सिम्युलेशन लावलं. नेहमीच्या तापमानाला आउटपुट पलटलं. उरली कडाक्याच्या थंडीची चाचणी. तिथंच असली सर्किटं अडून बसतात.

वादिराज एकेका कॉम्प्युटरला कुंकू लावत भुवनाच्या टेबलाशी आला आणि ताट धरून थांबला. पडद्यावर करंटची रेघ जमिनीला चिकटलेली. मग ती रेघ उठली, आणि पाठोपाठ आउटपुट पलटलं.

"उशिरा उठला," भुवना म्हणाली.

"थंडीत मीही उशिराच उठतो," म्हणत वादिराजनं पडद्याच्या कडेला कुंकवाचं बोट टेकवलं. "हाच जाईल चिपमध्ये."

पूजा आटोपली; बाहेर दृष्ट काढायचा कोहळा फुटला. भुवनाचा हात सवयीनं पुन्हा माऊसकडे निघाला होता. मी त्या हातात प्रसादाचं मूठभर चुरमुरे-डाळं ठेवलं.