अख्खी काडी

अणदूरच्या पंचांनी काडीमोडीचा नियम आवळला तो सत्तावन्न सालच्या चंपाषष्ठीनंतर. सरकारच्या नव्या कायद्यात लग्नाला तीन वर्षं झाल्याबिगर कोर्ट अर्जच घेत नाही, असं थोरले पंच कोंडीराम तुळजापुरात ऐकून आले होते. आपल्यात मात्र कुणीही उठावं, पंचांपुढं गवताची काडी मोडावी आणि संसारातून मोकळं व्हावं, हे त्यांना खटकू लागलं. म्हणून ठरलं : सोडचिठ्ठी मागणाऱ्या बाईला अख्खी काडी द्यायची. ती तिनं नवऱ्याच्या घरात राहून बारा महिने सांभाळायची. हरवली, तुटली, तर मागणी रद्द.

पहिली काडी सारजाबाईला मिळाली. नवरा उत्तरेश्वर मारत नव्हता, पीत नव्हता. या घरात मन लागत नाही, एवढंच तिचं कारण.

"मन लागाया त्ये काय कुलूप हाय?" एक पंच म्हणाला. बैठक हसली. उत्तरेश्वर हसला नाही. पण त्याला वर्ष मिळालं होतं, आणि वर्षात बाई रुळते असं सगळेच म्हणत होते.

सारजाबाईनं काडी वळचणीला खोचली. कामात तिची खोट नव्हती. त्यानं नळदुर्गच्या बाजारातून लुगडं आणलं. तिनं त्याची घडी मोडली नाही. न्हाणीला आडोसा करून दिला. ती "बरं झालं" म्हणाली.

अकराव्या महिन्यात ती पाण्याला गेली असताना त्याला वळचणीखाली काडीचे तुकडे दिसले. उंदरानं कुरतडली होती. आता नुसतं गप्प बसायचं होतं, बायको त्याचीच राहणार होती. त्यानं तुकडे उचलले. उंदरानं राखलेली बायको, असं मनात आलं आणि ते काही केल्या जाईना. त्यानं नव्या गवताच्या गंजीतून तेवढीच काडी उपसली आणि तिथंच खोचली.

बैठकीत कोंडीरामांनी काडी उजेडात धरली. ती अजून हिरवट होती.

"सारजे, हीच का गं ती?"

तिनं काडीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"हीच हाय, तात्या," उत्तरेश्वर म्हणाला.

दोघांनी दोन टोकं धरली. काडी मोडली. वर्षभर भांडण नाही की तंटा नाही, नियम चांगलाच आहे, असं कोंडीरामांनी बैठकीला सांगितलं.

गाठोडं बांधताना सारजाबाईनं विचारलं, "त्ये लुगडं घिऊ का?"

"तुझंच हाय," तो म्हणाला, आणि बैल सोडायला गेला.