साक्षीदाराचं नाव

“बाई, तुमचा हुकूम कोर्टात पट्टेवाला का ओरडून सांगतो? तुम्हांला आवाज नाही का?”

कस्तुरानं विचारलं आणि शाळेच्या बक्षीससमारंभाला पटांगणात बसलेल्या मुलींनी माना वळवल्या. विचारून दाखव, अशी पैज मैत्रीण गुरम्मानंच लावली होती. आता तीच मागून वेणी ओढत होती. “बस की गं खाली!”

नव्यानं नेमलेल्या ऑनररी मॅजिस्ट्रेटबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला.

“आवाज आहे, मुली. पण बाईच्या तोंडून शिक्षा ऐकायची लोकांना सवय नाही. शेजारी बसणारे साहेब म्हणाले, पट्टेवाल्याला सांगू द्या. मी ऐकलं. चुकलंच माझं.” त्या मुलींकडे वळल्या. “साक्षीदाराला मात्र तशी सोय नसते. त्याचं त्यालाच बोलावं लागतं.”

कस्तुरा खाली बसली. गिरणीचा मुकादम तात्याबा यानं चाळीच्या नळावर शेजारच्या बजामावशीला काठीनं मारलं, तिचा हात मोडला, ते तिनं पाहिलं होतं. पाहणारे पुष्कळ होते. पण सोमवारी खटला उभा राहणार म्हटल्यावर जो तो ‘आमी तितं नव्हतोच’ म्हणू लागला होता.

समारंभ संपल्यावर गिरणीतर्फे पेढे वाटायला तात्याबाच उभा. तिच्या हातावर त्यानं एकाऐवजी दोन ठेवले.

“लई धीट हायस की, सिदाप्पाची पोर! बाला सांग, मी इचारलंय म्हणून.”

ती घरी आली तर तिचे वडील, आबा, गिरणीतल्या पाळीच्या वेळेला भिंतीला टेकून बसलेले.

“फाटकातनंच माघारी लावलं,” ते म्हणाले. “सोमवार झाल्यावर ये, असा मुकादमाचा निरोप हुता.”

आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

“तू काय बी बघितलं न्हाईस, कस्तुरे. माझं नाव कोर्टात निघाया नगं,” आबा म्हणाले.

दाराबाहेर मुकादमाचं कुणीतरी विडी ओढत थांबलं होतं. धूर आत येत होता. आई उठली आणि दार लोटून त्या दाराला पाठ लावून उभी राहिली. तव्यावरची भाकरी करपू लागली.

कस्तुरानं आवाज कमी केला नाही.

“आबा, मी सोमवारी साक्षीला जाणार. पहिल्यांदा नावच इचारत्यात म्हणं, बापाच्या नावासकट. ते मी मोठ्यानं सांगणार हाय.”