राखेची रेघ आणि बजरंगचा पाय

आश्रुबा महाराजांची रेघ भर बाजारात पुसली गेली, आणि पुसणाऱ्यांत महाराजांचे भक्तच पुढे होते. पण तसं काही झालंच नाही, असं गावानं दुसऱ्या दिवशी पारावर बसून एकमतानं ठरवलं. तेव्हा आपणही ते झालं नाही असं धरून पुढे जाऊ.

नांदूरघाट मागे टाकलं की हे गाव लागतं. दर गुरुवारी बाजारात महाराज राखेची गोल रेघ ओढत. आत बसवलेल्या पोरीच्या अंगात देवी येई आणि रेघेबाहेरच्या एकाही माणसाचा पाय उचलत नसे. मोबाइल धरलेले हात मात्र सहज उचलत. हातांना देवीची सूट होती.

"ओलांडून दावा कुनी," महाराज म्हणत. "जाग्यावर झाड व्हईल."

"पाय उचलंना बे," पुढच्या रांगेतला बजरंग कण्हे. "मुळ्या फुटल्यावानी व्हतंय."

लगेच मागच्यांनाही मुळ्या फुटत.

एकदा एक शेळी आरामात आत गेली, महाराजांच्या गळ्यातला अर्धा हार खाऊन बाहेर आली. ती मागल्या जन्मीची योगिनी असल्याचं महाराजांनी जाहीर केलं. मालक तेव्हापासून शेळीला अहो-जाहो करतो.

आतली पोरगी म्हणजे स्वप्ना, गावातल्याच रोहिणीच्या ताराबाई मावशीची लेक. तिला फिट येते. गोळ्यांवर चांगली होती. देवीला गोळ्या कडू लागतात म्हणून महाराजांनी त्या विहिरीत टाकायला लावल्या. मागची फिट लांबली तेव्हा केजच्या डॉक्टरांनी मावशीला स्पष्ट सांगितलं होतं, "अशीच एखादी फिट हिला घेऊन जाईल." मावशीनं तेही महाराजांना विचारून घेतलं.

रोहिणी बीडला मानसशास्त्रात एम.ए. करत होती. प्रबंधाचा विषय होता माणसाचा स्वभाव आणि त्याचं बघ्या होणं. धीट माणूस मदतीला धावतो का, हे तपासायचं तर कुणाला तरी रस्त्यात पाडायला हवं, आणि तिच्या सरांना ते पसंत नव्हतं. आपल्या गावात तर पोरगी दर गुरुवारी फुकट पडते, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

मग एका गुरुवारी तिनं प्रयोग आखला. रेघ तीच, गर्दी तीच, फक्त बजरंग काढून घ्यायचा. मुळ्या त्याच्यापासून पसरत असतील तर आज कुणीतरी पाय उचलेल, स्वप्नाला बाहेर काढेल.

"तुमच्यासारखा सोभाव तालुक्यात न्हाई, बजरंगभाऊ," म्हणत तिनं त्याला शाळेच्या ओट्यावर भलीमोठी प्रश्नावली दिली.

"'मी चारचौघांत बोलका असतो.' लई खरं लिव्हलंय," म्हणत बजरंगनं बैठक मारली.

इकडे स्वप्ना पडली. डोळे फिरले, तोंडाला फेस आला, टाचा आपटू लागल्या. महाराजांनी पानाची पिंक टाकली आणि शेणानं भरलेली स्वतःची चप्पल तिच्या नाकाला लावली.

"आई आली. हात जोडा."

रोहिणी गर्दीत येऊन उभी होती. बजरंग नव्हता, तरी कुणी हललं नाही. पुरात उडी घेऊन म्हैस काढणारे तात्याबा शेजाऱ्याकडे बघत होते, शेजारी तात्याबांकडे. कधी मान वर न करणारी सुंदरबाई आणि गाव गाजवणारे तात्याबा, दोघांचे चेहरे एका साच्यातले. सगळे आपापला स्वभाव घरी खुंटीला टांगून आले होते.

रोहिणी रेघ ओलांडून आत गेली.

"शिकलेल्याला लागू न्हाई," महाराज म्हणाले. "त्यांचं आधीच लाकूड झालेलं असतंय."

"कुणीतरी या," ती ओरडली. "कुणीतरी गाडी बोलवा."

अख्खा बाजार माना वळवून त्या कुणीतरीला शोधू लागला. तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला.

"तात्याबा मामा, तुमी. पोरीचं डोस्कं धरा."

तात्याबा दचकले. भाचीनं नाव घेऊन बोलावल्यावर मामानं न येण्याची आपल्याकडं रीत नाही. पाय उचलला, राखेवर पडला. झाड झालं नाही.

"सुंदरकाकू, तुमची शाल उशाला द्या. शहादेव, त्या हातातल्या मोबाइलवरनं एकशे आठला फोन लाव."

तिघं आत आले, मग ढीगभर. रेघेचा मागमूस उरला नाही. स्वप्नाला कुशीवर वळवलं, चप्पल लांब गेली. सगळ्यात शेवटी ताराबाई मावशी आली.

"मला कुनी बोलवलंच न्हाई गं," ती म्हणाली.

एवढ्यात बजरंग धापा टाकत आला, सवयीनं पुढं उभा राहिला आणि डोळे मिटून कण्हू लागला, "पाय उचलंना बे."

"बजरंग," तात्याबा म्हणाले, "रेघ पुसली. तू आतच उभा हायस."

महाराज चप्पल शोधत होते.

"राखंत काय बी नव्हतं," रोहिणी म्हणाली. "आधी बजरंग कण्हायचा, मंग तुमी एकमेकांचे पाय बघून थांबायला शिकलात."

"म्हंजी मला चिकटवलं कुनी?" तात्याबांनी विचारलं.

"शेजाऱ्यानं. आन् त्याला तुमी."

स्वप्ना वाचली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. फिट हा मेंदूचा आजार आहे. माणसाला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, चप्पल पायात ठेवावी आणि मदतीला नाव घेऊन हाक मारावी.

सबब, मा. तहसीलदारसाहेबांना विनंती की, 'कुणीतरी' नामक इसमाचा सदर गावी शोध घ्यावा. तो आढळून न आल्यास त्याचं नाव मतदार यादीतून कमी करून, त्याच्याकडे आजवर सोपवलेली सर्व कामं जागेवर हजर असलेल्या माणसांच्या नावे फेरफार करून द्यावीत.